धोकादायक इमारतीत जेवण चालू आहे

३ सप्टेंबर

काचेच्या दारावर कागद चिकटवून गेले. माझ्या दारावर, मला न विचारता! आचारी सकाळी पाव आणायला बाहेर पडला आणि तसाच उलट्या पावली आत आला. "बाई, बाहेर येऊन बघा." गेले. लाल शिक्का. सदर इमारत वापरण्यास धोकादायक असून तीस दिवसांत रिकामी करावी. हरकत असल्यास ३ ऑक्टोबरला पुराव्यासह सुनावणीस हजर राहावे.

आहे! हरकत आहे!

एकशे बारा वर्षांची दगडी इमारत ही. बँक म्हणून बांधलेली. आमचं हॉटेल म्हणजे त्या बँकेचा हॉल. अठरा फूट उंच छत, सहा बिडाचे खांब, आणि ज्या पितळी कठड्याआड कारकून बसायचे तिथे आता हे गल्ल्यावर बसतात. तिजोरीच्या खोलीत आम्ही पीठ आणि साखर ठेवतो. एवढ्या बंदोबस्तातलं पीठ जगात दुसरं नसेल. मागे स्वयंपाकघर. वरच्या दोन मजल्यांवर नऊ गाळे — घड्याळजी, शिंपी, टायपिंगवाल्या बाई, चष्मेवाला, असे सगळे. सगळे दुपारी आमच्याकडेच जेवतात.

मागच्या वर्षी जुन्या मालकाच्या मुलांनी इमारत विकली. नवा मालक पहिल्यांदा आला तो भर उन्हात कोट घालून. तेव्हापासून त्याचं नाव कोट. कोटाला इथे वीस मजली काहीतरी उभं करायचंय. त्यासाठी आधी हे धोकादायक ठरायला हवं. ठरलं!

ह्यांनी कागद वाचला, चष्मा काढला, पुसला. म्हणाले, "सोडून देऊ या गं. दमलो आता."

एकतीस वर्षं या हॉलमध्ये घालवली आणि म्हणे सोडून देऊ या! मी कागद काढला नाही. त्याच्या शेजारी फळा टांगला आणि खडूने मोठ्ठं लिहिलं — धोकादायक इमारतीत जेवण चालू आहे. आज कांद्याचं सूप.

४ सप्टेंबर

सूप दीड वाजताच संपलं.

६ सप्टेंबर

लोक फळ्याचे फोटो काढतायत. एक जोडपं मुद्दाम धोकादायक इमारतीत जेवायचं म्हणून आलं. बाईंनी बसण्याआधी वर छताकडे पाहिलं. मी म्हटलं, "पडलं तर बिल माफ." हसल्या आणि दोन-दोनदा मागून घेऊन जेवल्या.

हे हसले नाहीत. गल्ल्यावरून माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी शिवी दिली. हल्ली यांना झालंय काय? माणूस भित्रा असतो हे ठीक, पण इतका?

९ सप्टेंबर

कोट स्वतः आला. खिडकीजवळ बसला, कॉफी मागवली. मीच नेऊन दिली.

"ताई, मी तुमचा शत्रू नाही."

"मग कागद कुणाच्या मित्राने लावला?"

"अहवाल इंजिनिअरचा आहे. पाया खचलाय. पहिल्या मजल्यावर घड्याळवाल्याच्या भिंतीला केवढी चीर आहे, पाहिलीत ना? उद्या काही झालं तर? नव्या इमारतीत तुम्हाला गाळा देतो. चौथ्या मजल्यावर. एसी."

"रस्त्यावरून चालणाऱ्याला चौथ्या मजल्यावरच्या सुपाचा वास येतो का हो?"

कोटाने कप खाली ठेवला. अर्धी कॉफी तशीच. "ताई, हट्टाने इमारती उभ्या राहत नाहीत."

तो गेल्यावर हे उठून आले. मला वाटलं, आता तरी बायकोची बाजू घेतील. तर म्हणाले, "चौथा मजला काही वाईट नाही." माझ्या हातात ओलं फडकं होतं. फेकून मारायचं तेवढं राहिलं.

१२ सप्टेंबर

दारासमोर परांचा बांधला! म्हणे दर्शनी भागातले दगड सुटले तर खबरदारी. बांबू असे रोवलेत की आत यायचं तर अंग चोरून, तिरकं होऊन यावं लागतं. मी बांबूंनाच फळा टांगला. त्याखाली बाण काढला. आचारी म्हणाला, "बाई, जाड गिऱ्हाइकांचं काय?" म्हटलं, मागच्या दाराने घ्या, पण घ्या!

दुपारी सगळ्या गाळेवाल्यांना खाली बोलावलं. शिंप्याने आधीच दुसरीकडे जागा बघून ठेवलीय. टायपिंगवाल्या बाई रडल्या. सगळे बोलून झाल्यावर घड्याळजी म्हणाले, "चीर माझ्या भिंतीला आहे हे खरं. मी त्यावर कॅलेंडर लावतो. दरवर्षी जरा मोठं कॅलेंडर घ्यावं लागतं." हसावं की नाही, कुणाला कळेना.

पण मग ते म्हणाले ते महत्त्वाचं. "त्यांचा इंजिनिअर माझ्या खोलीत पाच मिनिटं आला. तळघरात गेलाच नाही. तळघराची किल्ली माझ्याकडे असते."

पाया खचला म्हणतो आणि पाया बघितलाच नाही! मला एवढंच हवं होतं. आपणही आपला इंजिनिअर आणायचा.

१४ सप्टेंबर

मिळाली! बाई आहेत. चष्मेवाल्याच्या ओळखीतल्या. उभा जन्म पुलांच्या खात्यात गेला, आता निवृत्त. मी फोनवर म्हटलं, "आमचा काही पूल नाही हो." त्या म्हणाल्या, "वजन ते वजन. वरून खाली जातं की नाही एवढंच बघायचं." आवडल्या. पुढच्या गुरुवारी येतात.

ह्यांना सांगितलं. "कशाला उगाच?" म्हणाले. आणि जेवलेच नाहीत.

१९ सप्टेंबर

लिहावं की नाही. लिहिते.

पूलबाई सकाळी दहाला आल्या. डोक्यावर पांढरे केस, पायात बूट, हातात एक छोटी हातोडी आणि विजेरी. पालिकेच्या दप्तरातून इमारतीच्या मूळ नकाशाची प्रत काढून आणली होती. आधी तळघर. दीड तास. घड्याळजी विजेरी धरून मागे मागे. वर आल्या तेव्हा केसांत जाळी, आणि चेहरा असा खुललेला! "अहो, काय पाया आहे! आपण सगळे जाऊ, तो तिथेच असेल." आनंदाने त्यांना मिठी मारायचीच काय ती बाकी होती. मग हॉल, मग खांब एकेक. टकटक, कान लावून ऐकायचं, टकटक. "छान. छान. हाही छान."

मग स्वयंपाकघरात आल्या. आणि टकटक थांबली.

नकाशा ओट्यावर पसरला. एकदा कागदाकडे, एकदा छताकडे. आचाऱ्याला म्हणाल्या, "शेगड्या बंद करा जरा." मग मला, "इथली भिंत कुठे गेली?"

"कुठली भिंत?"

"ही." नकाशावर जाड काळी रेघ. बरोब्बर स्वयंपाकघराच्या मधोमध. "दोन फूट जाडीची. वरच्या दोन्ही मजल्यांचं ओझं हिच्यावर होतं. घड्याळजींची खोली बरोबर हिच्या डोक्यावर आहे. त्यांची चीर पायामुळे नाही. हिच्यामुळे आहे."

"इथे भिंत नव्हतीच," मी म्हटलं. ठामपणे. शपथेवर म्हटलं असतं! मग त्यांनी शिडी मागितली, छताचा गिलावा चार बोटं खरवडला. आत लोखंडी गर्डर. एक टोक दगडावर नीट बसलेलं. दुसरं जेमतेम चार इंच टेकलंय. आणि मध्ये वाकलाय.

मी ह्यांना हाक मारायला वळले. गल्ला रिकामा. गिऱ्हाईक उभं आणि हे नाहीत. परांच्यातून तिरके होऊन बाहेर पडताना पाठ तेवढी दिसली.

पूलबाईंनी मला खुर्चीवर बसवलं. माझ्याच हॉटेलात मला पाणी आणून दिलं. "आज इथून पुढे या खोलीत कुणी उभं राहायचं नाही. संध्याकाळपर्यंत मी टेकू लावून घेते. तोवर टेकूवाल्यांशिवाय आत कुणी नको."

दोन वाजले तरी शेगड्या पेटल्या नाहीत. एकतीस वर्षांत पहिल्यांदा, भर दुपारी.

२० सप्टेंबर

सकाळी घरी बोलले हे. बटाटे सोलत होते. मी विचारलं नव्हतं काही.

आमची लेक झाली तेव्हा मी तीन आठवडे हॉस्पिटलात होते. अवघड गेलं होतं. परत आले तर स्वयंपाकघर दुप्पट! लांबच लांब ओटा, चार शेगड्या. मी बाळाला घेऊन त्या ओट्यापाशी उभी राहिले आणि रडले होते आनंदाने. आधी तिथे मध्ये नुसत्या ठोकलेल्या फळ्याच दिसायच्या; मला वाटायचं, फळ्यांचं पार्टिशन काढलं असेल. विचारलंच नाही.

"तू म्हणायचीस ना, इथे वळायला जागा नाही," हे म्हणाले. "गवंडी म्हणाला, गर्डर टाकला की झालं. मी पण म्हटलं झालं. दोन वर्षांनी घड्याळजी म्हणाले, भिंतीला बारीक रेघ आलीय. तेव्हा समजलो."

"आणि एकोणतीस वर्षं बोलला नाहीत?"

"रोज ठरवायचो."

आता सगळं आठवतंय. लेकीला स्वयंपाकघरात खेळू द्यायचे नाहीत. मी म्हणायचे, भाजेल म्हणून काळजी. नोकरांची जेवणं हॉलमध्येच, कितीही गर्दी असली तरी. मी म्हणायचे, काय हा मोठेपणा! आणि गल्ल्यावरची ती खुर्ची भिंतीकडे तिरकी का, तर तिथून स्वयंपाकघराचं छत दिसतं. एकोणतीस वर्षं हा माणूस वर बघत बसला होता. आणि मी त्याच छताखाली फोडण्या देत होते.

मी उठले आणि एकटी चालत हॉटेलात आले.

२१ सप्टेंबर

बोलले नाही ह्यांच्याशी.

२२ सप्टेंबर

आजही नाही.

लेकीचा फोन. "आई, बाबांशी बोल." मी म्हटलं, तूच बोल, तुझ्यामुळेच पाडली भिंत. मग लाज वाटली.

२३ सप्टेंबर

हॉटेल मात्र चालू! स्वयंपाकघरात सागाचे आठ टेकू उभे आहेत, आत कुणी जात नाही. घरी अंडी उकडते, आचारी त्याच्या घरून पाव भाजून आणतो, काकडी, फळं, थंड दूध. फळ्यावर लिहिलं — आज सगळं थंड. डोकं सोडून. कोटाचा माणूस फळा वाचून फोटो काढून गेला. काढ बाबा!

२५ सप्टेंबर

पूलबाईंचा अहवाल तयार. चौदा पानं. मला समोर बसवून वाचून दाखवला. पाया उत्तम, खांब उत्तम, बाहेरच्या भिंती उत्तम. इमारत पाडायचं काडीचं कारण नाही. दोष एकच — तळमजल्यावरच्या भाडेकरूने भारवाहक भिंत काढली आहे. ती पुन्हा बांधली की चीर वाढायची थांबेल.

"शेवटचा मुद्दा गाळता येणार नाही का?" मी विचारलं. हो, विचारलं! इथे खोटं कशाला लिहू.

"नाही," पूलबाई म्हणाल्या. "तो काढला तर चीर कशामुळे, याला उत्तर उरत नाही. मग पाया खचला हेच खरं ठरतं. पण अहवाल तुमचा आहे. दाखल करायचा की नाही ते तुम्ही ठरवा."

चष्मेवाल्याने भाडेकरार वाचला. मला शंका होतीच, तेच निघालं. परवानगीशिवाय इमारतीच्या बांधकामात बदल केल्यास मालक जागा परत घेऊ शकतो. म्हणजे अहवाल दिला तर इमारत वाचते, वरचे नऊ जण वाचतात. आणि आमची उचलबांगडी होते.

नाही दिला तर? सगळे जातो. कोट म्हणाला होता, मला गाळा देतो. चौथा मजला. एसी. घड्याळजींना काही देणार नाही तो.

२७ सप्टेंबर

घड्याळजींना सगळं सांगितलं. त्यांच्या खोलीत, त्या कॅलेंडरसमोर उभं राहून. मला वाटलं होतं, ओरडतील. हक्कच होता त्यांचा. एवढी वर्षं त्या चिरेला टेकून बसलेला माणूस.

बराच वेळ भिंग डोळ्याला लावून बसले होते. हातात घड्याळ नव्हतं तरी. मग म्हणाले, "ते रोज संध्याकाळी वर यायचे. घड्याळजी, बरं आहे ना? मी म्हणायचो, काय सज्जन माणूस!" भिंग काढून ठेवलं. "चीर बघायला यायचे तर."

"हो."

"तरी यायचे ना. दुसरा असता तर आलाच नसता."

जिन्यात बसून रडून घेतलं. मग खाली आले आणि काकड्या कापल्या.

१ ऑक्टोबर

ठरलं. अहवाल जाणार. चौदाच्या चौदा पानं.

कोटाला वाटतंय बाई हट्टी आहे. आहेच! पण हट्ट जागेचा होता तोवर गोष्ट वेगळी होती. आता हट्ट हा, की मला खोटं बोलून कुणी घालवायचं नाही आणि मी खोटं बोलून कुठे राहायचं नाही. जायचंच तर खऱ्या कारणासाठी जाईन.

ह्यांना सांगितलं. अकरा दिवसांनी पहिलं वाक्य. "अहवाल देतेय. भिंतीचं सगळं त्यात आहे." हे म्हणाले, "दे." एवढंच. पण ताट पुढे ओढून जेवले.

३ ऑक्टोबर

सुनावणी. पालिकेचं दालन, लांब टेबल, पंखा किरकिरता. अधिकारी तरुण बाई, पापणी न हलवता ऐकणाऱ्या. कोट, त्याचा वकील, त्याचा इंजिनिअर. आमच्या बाजूला पूलबाई आणि वरचे नऊच्या नऊ जण. शिंपीसुद्धा!

पूलबाईंनी इंजिनिअरला एकच विचारलं. "तळघरात किती वेळ होतात?" त्याने वकिलाकडे पाहिलं. वकिलाने छताकडे. अधिकारी बाईंनी लिहून घेतलं.

मग शेवटचं पान आलं आणि कोटाचा वकील ताडकन उठला. नुसता फुलला होता! "म्हणजे यांनीच इमारत धोक्यात आणली! यांनीच, आणि हे आम्हाला शिकवणार?"

मी उभी राहिले. काय बोलायचं ते पाठ करून ठेवलं होतं. तोंड उघडणार तोच शेजारची खुर्ची मागे सरकली.

"भिंत मी पाडली." हे! गिऱ्हाइकाला सुट्टे नाहीत म्हणायलाही ज्यांचा आवाज फुटत नाही, ते. टेबलाची कड धरून उभे, पण आवाज खणखणीत. "हिला माहीत नव्हतं. ही तेव्हा हॉस्पिटलात होती. वरच्यांना माहीत नव्हतं. मला माहीत होतं. मी गप्प बसलो. इमारतीचा काही दोष नाही, साहेब. चूक माझी आहे, तिची शिक्षा इमारतीला देऊ नका."

बाईंना साहेब म्हणाले! कुणी हसलं नाही. अधिकारी बाईंनी हेही लिहून घेतलं.

परत येताना परांच्यातून तिरकं होऊन आत शिरलो. आधी मी, मग हे. मी मागे हात केला. धरला त्यांनी.

२१ ऑक्टोबर

निकाल. इमारत पाडता येणार नाही. तिची नोंद जपायच्या इमारतींच्या यादीत करावी. भिंत पूर्ववत बांधावी, तोवर स्वयंपाकघर बंद. तळमजल्याच्या भाडेकरूने करार मोडला असल्याने मालकास जागा परत घेण्याचा अधिकार राहील.

दुपारी कोटाची नोटीसही आली. नोव्हेंबरअखेर किल्ली द्यावी.

वरचे सगळे खाली आले. आनंद करावा की दुखवटा, कुणाला कळेना. शेवटी मीच म्हटलं, "अरे जिंकलोय आपण! तोंडं काय पाडताय?" थंड दूध सगळ्यांना.

४ नोव्हेंबर

भिंत आम्हीच बांधून देतोय. लेक म्हणाली, "आई, निघायचंच आहे तर त्यांच्यासाठी कशाला?" त्यांच्यासाठी नाही. काढली आम्ही, तर बांधू आम्हीच. मोडकी जागा कोटाच्या हातात देऊन जाणार नाही. नाकावर टिच्चून धड करून देईन!

पूलबाई रोज येतात. गवंड्याने एकही वीट तिरकी लावली की हातोडी वाजते. हे सकाळपासून विटा भिजवतात. या वयात! "बसा हो," म्हटलं तर ऐकत नाहीत.

१९ नोव्हेंबर

भिंत छताला लागली. आज टेकू काढले, एकेक करून, आठ. आठवा निघाला तेव्हा सगळ्यांच्या माना वर. काही झालं नाही. काहीच नाही! केवढी सुंदर गोष्ट असते काहीच न होणं.

स्वयंपाकघर पुन्हा एवढंसं झालं. दोन माणसं उभी राहिली की कोपर लागतं. हे आत आले, भिंतीला पाठ टेकून उभे राहिले. वर बघितलं नाही. माझ्याकडे बघितलं.

मी पोटभर भांडले त्यांच्याशी. दोन महिन्यांचं साठलेलं सगळं. मग दोघांनी मिळून कढया बांधल्या.

३० नोव्हेंबर

किल्ली द्यायला कोटाच्या ऑफिसात गेले. हे खाली फाटकाशी थांबले. कोटाने किल्ली घेतलीच नाही. म्हणे, "पाडता येत नाही, रिकामी ठेवून काय करू? लोक तुमचा फळा विचारत येतात. नवा करार करू या, ताई. राहा."

हो अगदी ओठांवर आलं होतं. गिळलं. म्हटलं, घरी विचारून सांगते. उभ्या जन्मात हे वाक्य माझ्या तोंडून पहिल्यांदा!

खाली येऊन ह्यांना विचारलं. चष्मा काढला, पुसला. म्हणाले, "राहू या गं." मग किल्ली माझ्या हातातून घेऊन खिशात टाकली, म्हणाले, "तू थांब इथेच. हे मला सांगू दे." आणि एकटेच जिना चढायला लागले.